नवे पॅड टाकले आणि चाक तापू लागलं: घोडबंदर रोडवरच्या एका कॅलिपरची घरगुती दुरुस्ती

पार्श्वभूमी

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या एका सोसायटीतली ही गाडी. 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, 70 हजार किलोमीटरच्या थोडी पुढे गेलेली. पुढे डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळणारा कॅलिपर. मागे ड्रम ब्रेक. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. (एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या स्वस्त व्हेरिएंटमध्ये बरेचदा नसे. या प्रकरणात एबीएस नसण्याचा फायदाच झाला, तो पुढे येईल.) रोजची धाव मीरा रोडपर्यंत, म्हणजे गायमुखचा घाट जाता-येता दोनदा. पार्किंग उघड्यावर, खाडीची दमट हवा बारा महिने.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस सुरू व्हायच्या आधी म्हणून, पुढचे पॅड बदलले. जुने पुरते झिजले होते. काम अर्ध्या तासात झालं आणि तेव्हा कुणाला काही खटकलं नाही.

गणपतीनंतर तक्रारी सुरू झाल्या. घाट उतरून आलं की डाव्या पुढच्या चाकाकडून जळका वास यायचा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडलं की गाडी डावीकडे ओढायची, तीही ब्रेकवर पाय नसताना. हा फरक महत्त्वाचा आहे. ब्रेक दाबल्यावर गाडी ओढत असेल तर दोष बरेचदा विरुद्ध बाजूच्या, काम न करणाऱ्या कॅलिपरमध्ये निघतो. ब्रेक न दाबता ओढत असेल, तर ज्या बाजूला ओढते तीच बाजू धरून बसलेली असते.

गॅरेजने ‘पॅड लोकल निघाले’ म्हणून दुसरे पॅड टाकून दिले. आठवडाभरात वास परत. मग सल्ला मिळाला की दोन्ही कॅलिपर नवे टाका.

अडचण नेमकी कुठे

मालकाने आधी मोजमाप केलं, हे त्याचं शहाणपण. सहा किलोमीटर चालवून, शेवटचा अर्धा किलोमीटर ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी थांबवली आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही कॅलिपरचं तापमान घेतलं. डावा 131 अंश, उजवा 58. चकचकीत डिस्कवर हे यंत्र खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवतं. म्हणून कॅलिपरच्या काळवंडलेल्या अंगावर, दोन्हीकडे एकाच जागी नेम धरायचा आणि आकड्यापेक्षा दोन बाजूंतला फरक बघायचा.

पॅडची झीजही बोलकी होती. उजवीकडचे आतला-बाहेरचा दोन्ही सारखे. डावीकडे बाहेरच्या पॅडचं मटेरियल 8.5 मिमी, आतल्याचं 6. जेमतेम काही आठवड्यांच्या पॅडमध्ये अडीच मिलिमीटरचा फरक!

चाक धरून ठेवण्याची कारणं मोजकी: पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) जाम, पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) जाम, कॅलिपरला ब्रेक ऑइल पोचवणारा होज पाइप आतून फुगून बंद झालेला (ऑइल जाताना जातं, परत येत नाही), किंवा वर मास्टर सिलिंडरमध्येच, म्हणजे पेडलमुळे जिथे दाब तयार होतो तिथेच, दाब अडकलेला. यातलं कोणतं, ते कॅलिपर न खोलता पाच मिनिटांत कळतं. चाक जॅकवर उचलायचं, ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडायचा, हाताने चाक फिरवून बघायचं. अडकलेलं असेल तर कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल पाव फेरा सैल करायचं. चाक लगेच सुटलं तर दाब अडकलाय, म्हणजे दोष होज किंवा मास्टरमध्ये. निपल उघडूनही चाक तसंच अडलेलं राहिलं, तर दोष यांत्रिक, म्हणजे पिस्टन किंवा पिना. इथे चाक सुटलं नाही. होज आणि मास्टर निदान त्या दिवसापुरते निर्दोष ठरले.

पहिला निर्णय: फक्त पिना

सोपं ते आधी, या न्यायाने पहिल्या रविवारी फक्त पिना काढल्या. खालची पीन हाताने फिरत होती, पण कडक होती. जुनं ग्रीस डांबरासारखं झालेलं. पिना आणि त्यांची भोकं साफ करून सिलिकॉन ग्रीस भरलं. पॅड ज्या स्टीलच्या क्लिपांवर सरकतात त्या काढून त्यांच्याखालचा गंज कानसने घासला. हे काम बहुतेक ठिकाणी टाळलं जातं. क्लिपखाली गंज फुगला की क्लिप वर उचलली जाते आणि पॅड खाचेत घट्ट बसतो. नवा पॅड खाचेत हाताने सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

एक बारकावा: दोन पिनांपैकी एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. ती कोणत्या भोकातली हे काढतानाच लिहून ठेवायचं, अदलाबदल करायची नाही.

तापमान 131 वरून 96 वर आलं. मालक खूश. बारा दिवसांनी पुन्हा 120 च्या पुढे. पिना हे कारण होतं, पण दुय्यम.

खरं कारण बूट उचलल्यावर

दुसऱ्या वेळी पॅड काढून पिस्टनभोवतीचा रबरी बूट बोटाने उचलला. खालच्या अंगाला तीन-एक मिलिमीटरचा चिरा होता, कडा कडक झालेल्या. नवा नव्हे, वर्षांपूर्वीचा. कधीतरी पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलायला लावलेला स्क्रूड्रायव्हर तिथे टोचला असणार. चिऱ्याच्या बरोबर मागे पिस्टनवर अर्धचंद्रासारखा तांबूस पट्टा.

जूनमध्ये नवे पॅड टाकल्यावरच दुखणं का सुरू झालं, याचं उत्तर या पट्ट्यात आहे. फ्लोटिंग, म्हणजे पिनांवर सरकणाऱ्या, कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो, पण तो दोन्ही पॅडची झीज भरून काढतो. दोन्ही पॅड सात-सात मिलिमीटर झिजले तर पिस्टन सुमारे चौदा मिलिमीटर बाहेर येतो आणि तिथेच राहतो. बाहेर आलेला हा भाग सीलच्या पुढे, बुटाच्या आत असतो. बूट धड असेल तोवर कोरडा. इथे बूट फाटका, त्यामुळे चिखलपाणी आत जाऊन नेमका तोच भाग गंजला. जुन्या पॅडवर गाडी चालत होती तोवर गंज सीलला लागतच नव्हता, म्हणून ब्रेक ठीक. जूनमध्ये जाड नवे पॅड बसवायला पिस्टन पूर्ण मागे दाबला आणि गंजलेला पट्टा थेट सीलखाली गेला. पॅड बिचारे निर्दोष होते. दुसऱ्यांदा बदलले तेही फुकट.

सील म्हणजे चौकोनी छेदाची रबरी रिंग, सिलिंडरच्या खाचेत बसलेली. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि रिंग त्याच्याबरोबर किंचित कलते. पाय काढला की ती सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे खेचते. पॅड सुटायला तेवढंच पुरतं. कॅलिपरमध्ये दुसरी स्प्रिंग नाही, जे काय खेचणं ते या रबराच्या कलण्यातून. पिस्टन खरबरीत झाला, किंवा खाचेत गंज साचून रिंग वर उचलली गेली, की हे कलणं बंद पडतं.

पर्याय

चार पर्याय समोर होते.

नवा कॅलिपर. काही हजारांचा खर्च, काम दोन तासांचं, जोखीम सगळ्यात कमी. ज्याला वेळ नाही किंवा ज्याच्या कॅलिपरचं निपल तुटलंय, त्याने हाच घ्यावा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून वापरलेला कॅलिपर. स्वस्त पडतो, पण त्याचा बूट, पिस्टन आणि खाच कोणत्या अवस्थेत आहेत हे खोलल्याशिवाय कळत नाही. शेवटी किट टाकायचंच, मग स्वतःच्याच कॅलिपरला का नको? हा लगेच बाद झाला.

फक्त किट: सील, बूट, पिनांचे बूट, ग्रीसची पुडी. काही शे रुपयांत येतं. पण पिस्टनवर खड्डे असतील तर नवं सील जुन्या खड्ड्यांवर बसवून काहीच साधत नाही.

किट आणि नवा पिस्टन. नव्या कॅलिपरच्या तुलनेत बराच कमी खर्च, दोन दिवसांचं काम.

शेजारच्या विंगमध्ये वागळे इस्टेट या ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेले एक फिटर काका राहतात. मालकाने पिस्टन त्यांना दाखवला.

“काका, दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर मारला तर चालेल ना?”

“नख फिरव त्याच्यावरून. नुसता डाग असेल तर पेपर मार. नख अडकलं की तो पिस्टन गेला. क्रोम उडालंय रे, खाली साधं लोखंड आहे. आज चकचकीत करशील, पुढच्या श्रावणात पुन्हा तेच.”

नख तीन ठिकाणी अडकलं. वागळेतल्या ओळखीच्या लेथवर स्टेनलेसचा पिस्टन करून घेता येईल का, हाही विचार झाला आणि काकांनीच तो मोडला. व्यास शंभरावा भाग इकडेतिकडे झाला किंवा पृष्ठभाग जरा खरखरीत राहिला तर नवं सील महिन्यात खाल्लं जाईल. कंपनीचा पिस्टन मिळत असताना ब्रेकवर प्रयोग कशाला. निर्णय चौथ्या पर्यायाचा झाला.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी. या रचनेत सील सिलिंडरच्या खाचेत स्थिर असतं आणि पिस्टनच्या अंगावर घासतं. म्हणून पिस्टनचा पृष्ठभाग निर्दोष हवा. सिलिंडरच्या भिंतीवर हलका डाग किंवा बारीक ओरखडा असला तरी बिघडत नाही, तिथे काही घासत नाही. बरेच जण उलट करतात: सिलिंडर आतून घासून (होन करून) आरशासारखा करतात आणि पिस्टन जुनाच टाकतात.

सामान

एकाच मॉडेलला दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅलिपर लागलेले असू शकतात. 48, 51, 54 मिलिमीटर हे या वर्गातले नेहमीचे व्यास, आणि किट त्यावरच ठरतं. त्यामुळे दुकानात मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही. इथे पिस्टन व्हर्नियरने मोजून आणि कॅलिपरवरचा कोरीव मार्क मोबाइलवर टिपून नेला, म्हणून एका फेरीत काम झालं.

बाकी यादी: डॉट 4 ब्रेक ऑइल अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या, बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे नवे वॉशर, सिलिकॉन ग्रीस, ब्रेक क्लीनरचे दोन डबे, निपलसाठी सहा-कोनी बॉक्स पाना, पारदर्शक नळी, टॉर्क पाना, दोन जॅक स्टँड.

रॉकेल, पेट्रोल, डिझेल किंवा साधं ग्रीस यातलं काहीही ब्रेकच्या रबराजवळ न्यायचं नाही. हे रबर ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं असतं, खनिज तेलात ते फुगतं. रॉकेलमध्ये बुडवून ‘स्वच्छ’ केलेला कॅलिपर काही दिवसांत पुन्हा जाम होतो आणि दोष किटला दिला जातो. गंमत म्हणजे बाजारात ब्रेक फ्लुइडला सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, पण ते तेल नाहीच. ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं, पाण्यात मिसळतं, हवेतली ओल ओढतं आणि गाडीचा रंग उडवतं. डॉट 4 चा कोरडा उत्कलनबिंदू निदान 230 अंश, ओल मुरल्यावरचा निदान 155. डॉट 3 चे तेच आकडे 205 आणि 140. उतारावर चाक धरून तापत असेल आणि ऑइल चार पावसाळे जुनं असेल, तर पेडल अचानक मऊ पडायला हे अंतर पुरेसं आहे.

कृती

काम ऑक्टोबरच्या एका शनिवार-रविवारी ठरवलं. पाऊस थांबलेला, हवा त्यातल्या त्यात कोरडी. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगितलं. खाली जुना फ्लेक्स अंथरला, त्यावर पुठ्ठा. पार्किंगला पेव्हर ब्लॉक होते, त्यांवर जॅक स्टँडचा पाय खचतो, म्हणून 18 मिमी प्लायचे तुकडे टाकले. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हँडब्रेक ओढलेला.

पहिला प्रश्न निपलचा. आदल्या रात्रीच त्यावर गंज सुटायचा स्प्रे मारून ठेवला होता. सकाळी सगळ्यात आधी, काहीही खोलण्यापूर्वी, ते सैल होतंय का बघितलं. ही थांबण्याची जागा आहे: निपल सहज फिरत नसेल तर जोर करायचा नाही, कारण ते तुटलं की त्या कॅलिपरची हवाच काढता येत नाही आणि नवा घेण्यावाचून गत्यंतर नाही. दोन्ही बाजूंची निपलं सुटली. बँजो बोल्टही कॅलिपर ब्रॅकेटवर घट्ट असतानाच जरासा सैल करून घेतला. कॅलिपर हातात आल्यावर तो पकडून ठेवायला दुसरा माणूस लागतो.

पिस्टन बाहेर काढायला गाडीचाच ब्रेक वापरला. डावा कॅलिपर सोडवून तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगला. होजच्या आधाराने लोंबकळत ठेवला की होज आतून फाटतो. पॅड काढून पिस्टनसमोर 20 मिमी लाकडी ठोकळा धरला आणि पेडल हळूहळू दाबलं. उजवा कॅलिपर जागेवर असल्याने त्याचा पिस्टन पुढे जाऊ शकत नाही, सगळा दाब जाम झालेल्याकडे येतो. पिस्टन ठोकळ्याला टेकल्यावर पातळ ठोकळा, मग हात. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला होता, म्हणजे ते फरशीपर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रोज न वापरलेल्या भागात गंज असतो, सील तिथे गेलं की फाटू शकतं. हवेच्या कॉम्प्रेसरने पिस्टन उडवायची पद्धतही आहे, पण त्यात बोटं चिरडतात. घरी ती नको.

पिस्टन सुटल्यावर ऑइल गळत राहू नये म्हणून पेडल दोन-तीन इंच दाबून, सीटला काठी टेकवून तसंच ठेवलं. मास्टरचं वरचं छिद्र बंद होतं आणि टाकीतलं ऑइल खाली उतरत नाही. पेडल दाबलेलं म्हणजे ब्रेक लाइट पेटलेले, त्यामुळे बॅटरीची निगेटिव्ह आधीच काढली.

कॅलिपर गॅलरीतल्या टेबलावर आला. बूट काढला, सील बांबूच्या टोकदार काडीने उचललं. खाच बघितल्यावर किट एकटं का पुरलं नसतं ते डोळ्यांनी दिसलं: खालच्या तिसऱ्या भागात तपकिरी, दगडासारखा थर. ती जागा बोटाला कळत नाही, टॉर्च तिरका धरला तरच दिसते. स्टीलचा स्क्रूड्रायव्हर इथे घालायचा नाही. खाचेची पुढची कड तिरपी कापलेली असते, तिथेच रिंग कलते. त्या कडेला ओरखडा पडला तर गळती, तिचा कोन गेला तर पिस्टन मागे येणार नाही. पितळी तार वाकवून, मधूनमधून ब्रेक क्लीनर मारत, चाळीस मिनिटं लागली. राहिलेला गंज काढायला लोखंडी बॉडी सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात (लिटरला 50 ग्रॅम) तीन तास ठेवली. निपल आणि सगळं रबर आधी काढलेलं. बाहेर काढून धुतल्याबरोबर हेअर ड्रायरने वाळवली आणि आतून लगेच ब्रेक ऑइलचा हात फिरवला. ठाण्याच्या हवेत उघडं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस दिसू लागतं. बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर हा उपाय करू नये.

सील-पिस्टनची जोडणी स्वच्छ हातांनी, ग्रीस न लावता. सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाचेत बसवलं आणि बोट फिरवून पीळ नाही ना ते बघितलं. बुटाची कड आधी कॅलिपरच्या खाचेत बसवली, मग पिस्टन ओला करून बुटाच्या आतून घातला आणि सरळ धरून अंगठ्यांनी दाबला. नीट बसणारा पिस्टन हाताच्या दाबाने जातो, थोडं बाहेर ऑइल ढकलत, मऊ अडथळ्याने. सी-क्लॅम्प लागला तर तिरका झालाय, काढून पुन्हा घालायचा. पिनांना सिलिकॉन ग्रीस. पिनांचे बोल्ट बहुतेक छोट्या गाड्यांत 22 ते 35 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतात, निपल 7 ते 10. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्यावा. निपलला ‘अजून जरा’ म्हणून जोर देणारे सगळ्यात जास्त पस्तावतात.

चूक

उजवाही तेवढाच जुना, म्हणून दुसऱ्या दिवशी तोही काढला. त्याचा पिस्टन आणि खाच दोन्ही उत्तम निघाले, फक्त किट बदललं. दोन्ही बॉडी काळ्या रंगवून गॅलरीत शेजारी-शेजारी वाळत ठेवल्या. खूण कुणीच केली नाही.

संध्याकाळी बसवल्या आणि हवा काढायला सुरुवात झाली. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, नळीचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडलेलं. डावीकडून आणि उजवीकडून मिळून जवळपास 400 मिलिलिटर ऑइल गेलं. बुडबुडे थांबले. पेडल मात्र स्पंजासारखं, अर्ध्यावर जाऊन मग कुठे घट्ट. संशय मास्टरवर, मग नव्या सीलवर. पाऊण-एक तास याच चर्चेत गेला. मग काकांनी टॉर्च मारला.

“अरे, निपल खाली कसं आलं? हवा वर असते ना!”

डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. अशा बऱ्याच कॅलिपरची बॉडी दोन्ही ब्रॅकेटवर बिनतक्रार बसते, फक्त निपल वरच्या टोकाला यायच्या ऐवजी तळाला येतं. मग ऑइल तळातून निघून जातं आणि हवा वर आरामात बसून राहते, लिटरभर ऑइल घातलं तरी. इशारा मिळालाही होता: दोन्हीकडे होजला हलका पीळ पडलेला दिसत होता. होज सहज, पिळाशिवाय बसला नाही तर तिथेच थांबायला हवं होतं. दोन्ही पुन्हा उतरवले, बाजू बदलल्या, पुन्हा नवे तांब्याचे वॉशर (सुदैवाने जास्तीचे आणले होते), पुन्हा हवा. आता दोन्हीकडे मिळून 150 मिलिलिटरमध्ये पेडल दगडासारखं झालं. मग मागचे ड्रमही धरून पूर्ण यंत्रणेतलं जुनं, चहासारखं काळपट ऑइल काढलं. दुसरी बाटली जवळपास संपली.

या सगळ्यात टाकीतलं ऑइल एकदा किमान खुणेच्या खाली गेलं होतं. एबीएस असतं आणि हवा त्याच्या मॉड्युलेटरमध्ये (चाकांकडे जाणारा दाब कमीजास्त करणाऱ्या भागात) शिरली असती, तर बऱ्याच गाड्यांत ती काढायला स्कॅनर लागतो. तेव्हा घरचं काम टोइंगवर संपलं असतं.

तपासणी आणि परिणाम

रस्त्यावर नेण्याआधी इंजिन बंद ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरलं, ते खाली सरकलं नाही. प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून ओल बघितली. मग इंजिन सुरू केलं. पेडल एकदा थोडं खाली जातं, तो इंजिनच्या जोरावर पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरचा परिणाम, घाबरायचं कारण नाही. आधी पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगाने पाच-सहा ब्रेक, मग पहाटे सर्व्हिस रोडवर 50 वरून 10 पर्यंत वीसेक मध्यम ब्रेक, मधे थंड व्हायला अवधी देऊन. पूर्ण थांबून पेडल दाबून धरायचं नाही, नाहीतर तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो.

त्याच रस्त्यावर, त्याच पद्धतीने तापमान: डावा 61, उजवा 59. दोन महिन्यांनी पॅड पुन्हा मोजले. डावीकडच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडच्या झिजेत फरक नव्हता. डाव्या डिस्कवर निळसर डाग राहिले होते, पण जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा मिलिमीटरभर जास्त होती आणि पेडलला थरथर नव्हती, म्हणून तीच ठेवली.

काढलेलं काळं ऑइल बाटलीत भरून, जुनं इंजिन ऑइल भंगारात देणाऱ्या गॅरेजकडे पोचवलं. सोसायटीच्या गटारात ओतलेलं ऑइल थेट खाडीत जातं.

वेगळं काय करता आलं असतं

जूनमध्ये पिस्टन मागे ढकलण्याआधी कुणीतरी बूट उचलून बघायला हवा होता. अर्ध्या मिनिटाचं काम. गंज तेव्हाच दिसला असता, दुसरे पॅड वाचले असते आणि गायमुखच्या उतारावरचे तापलेले आठवडेही. मागे ढकलताना निपल उघडून जुनं ऑइल नळीने बाहेर काढावं, ते वर ढकलू नये, हेही त्याच वेळी शिकवण्यासारखं.

पिना साफ केल्यावर तापमान 131 वरून 96 वर आलं तेव्हा काम झालं असं मानलं गेलं. उजवा 58 वर असताना 96 म्हणजे अजूनही अडतीस अंशांचा फरक. तिथेच बूट उघडला असता तर बारा दिवस वाचले असते.

खोलण्यापूर्वी दोन्ही बॉडींवर पंचने एक आणि दोन टिंबं मारायला हवी होती. मार्करची खूण क्लीनरने पुसली जाते आणि रंगाखाली झाकली जाते.

उजवा कॅलिपर खोलायची गरज होती का, यावर मतभेद राहिले. मालकाच्या मते दोन्ही बाजू सारख्या असाव्यात. काकांच्या मते बूट शाबूत आणि पॅड सारखे झिजलेले असताना चालू यंत्र उघडायचं नाही, आणि उजवा उघडला नसता तर अदलाबदलही झाली नसती. तापमानाचे आकडे बघता काकांचं पारडं जड वाटतं.

होजचंही राहिलं. कॅलिपर हातात असताना दोन्ही होज वाकवून बघितले नाहीत. पाच आठवड्यांनी डाव्या होजच्या वरच्या टोकाला बारीक भेगा दिसल्या. तो पीळ पडलेला तासभर त्याला कितपत भोवला, सांगता येत नाही, पण होज दहा वर्षांचा होताच. दोन्ही बदलले. म्हणजे पुन्हा फ्लेक्स, पुन्हा जॅक, पुन्हा हवा काढणं. उघडून ठेवलेल्या दुसऱ्या बाटलीतलं उरलेलं ऑइल टाकून दिलं आणि तिसरी बाटली आणली.